शाल पांघरलेला कॉम्प्युटर

पालमच्या बसस्टँडसमोर, चहाच्या हॉटेलावरच्या माडीत वाल्मीकचं 'प्रियदर्शनी डिजिटल' आहे. नाव मुलीचं, जागा भाड्याची आणि ऐट मात्र स्वतःची. लग्न, बारसं, वास्तुशांत, मास्तरांची सेवानिवृत्ती, तालुक्यात काहीही असो, शूटिंगला वाल्मीक हजर. मग माडीवर बसून त्याचं मिक्सिंग. मिक्सिंग म्हणजे नको ते कापायचं, गाणी घालायची आणि वरून इफेक्ट टाकायचे. वाल्मीकचा खरा जीव इफेक्टवर. त्याच्या व्हिडिओत नवरी गुलाबातून उमलते, नवरदेव बर्फाच्या डोंगरावरून घसरत येतो आणि नवरीचे काका ढगातून दर्शन देतात. वाल्मीकनं स्वतः बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीवरचा. तरी बर्फ दाखवल्याशिवाय त्यानं एकाही नवरीला सासरी जाऊ दिलं नव्हतं.

दाराच्या मागं, कॅलेंडरशेजारी, त्याच्या स्वतःच्या लग्नाचा एक जुना फोटो टांगलेला आहे. अंतरपाट नुकताच दूर झालाय, दोघांच्या हातात हार आहेत. वाल्मीक छाती काढून थेट कॅमेऱ्याकडं बघतोय. समोर कॅमेरा असताना नवरीकडं कोण बघतं? आणि नवरी, म्हणजे त्याची बायको कोकिळा, भलतीकडंच मान वळवून उभी. हा फोटो वाल्मीक गिऱ्हाइकांना गंमत म्हणून दाखवायचा. "फोटो कसा काढून घेऊ नये, ते हे बघा. सगळा फोटो बायकोनं वाया घातला," असं म्हणून तो हसायचा आणि गिऱ्हाईकही भिडेखातर हसायचं.

ऑगस्टात फोटोग्राफर दिनाला जिल्ह्याच्या संघटनेनं परभणीत त्याचा सत्कार केला. शाल, श्रीफळ आणि 'मिक्सिंगसम्राट' असं कोरलेलं सन्मानचिन्ह. नारळाची कोकिळेनं दुसऱ्याच दिवशी चटणी केली. सन्मानचिन्ह कपाटावर गेलं. राहिली शाल. डाळिंबी रंगाची, रुंद जरीकाठाची. कोकिळा म्हणाली, "पेटीत ठिवते, थंडीत अंगावर घ्यायला व्हईल."

"सत्काराची शाल अंगावर घेऊन झोपतेत का कुठं?" वाल्मीक म्हणाला. "आन् पेटीत ठिवल्यावर लोकाला कशी दिसंल?"

शाल पांघरून रोज दुकानात बसलं तर पालम हसेल, एवढी अक्कल त्याला होती. शेवटी त्यानं ती कॉम्प्युटरच्या डब्यावर पांघरली, ज्याला सगळे सीपीयू म्हणतात त्याच्यावर. धूळ बसत नाही, असं कारण सांगितलं. पण खरी गोष्ट अशी, की गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की त्याची नजर बरोबर जरीकाठावर जायची आणि ते विचारायचं, "भाऊ, ही शाल कशाची?" मग वाल्मीक, आपल्याला सांगायची जराही इच्छा नाही असं तोंड करून, सगळं पहिल्यापासून सांगायचा.

आता शहाण्या वाचकाला पुढचं कळलंच असेल. कळू द्या. वाल्मीकला कळायला दसरा उलटावा लागला.

सप्टेंबरात कॉम्प्युटर बोंबलायला लागला. साधं काम करताना गपगुमान असायचा. पण सगळं मिक्सिंग करून शेवटची फाईल तयार करायला लावली, की त्याच्या अंगावर जड काम पडायचं. आधी आतला पंखा गिरणीसारखा घरघरायचा. मग टीं-टीं-टीं अशी शिट्टी. मग पडद्यावर लाल पट्टी, तापमान धोक्याच्या वर गेलंय म्हणून. आणि काम निम्म्यावर आलं की पडदा काळा. पुन्हा सुरू करा, पुन्हा पहिल्यापासून. खालचा हॉटेलवाला वर तोंड करून विचारायचा, "वाल्मीकराव, रुग्णवाहिका आली का काय?"

अशा वेळी बायनाबाई आली.

बायनाबाई आणि तिचा नवरा बन्सीधर हे शेजारच्याच गावचे. थोडी कोरडवाहू जमीन, तिच्यावर भागत नाही, म्हणून दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जायचं. त्यांच्या शिवकन्येचं लग्न वैशाखात झालं, चारठाण्याच्या मुलाशी. शूटिंग वाल्मीकचं. व्हिडिओ आषाढात देतो म्हणाला होता. आषाढात बायनाबाई आली तेव्हा तो म्हणाला, गौरी-गणपतीत. गौरी-गणपतीत आली तेव्हा म्हणाला, पितरपाटात शुभ काम हातात घेत न्हाईत, त्याच्यानंतर. लग्नाचा व्हिडिओ वर्षाच्या आत मिळाला तर लोकांना चुकल्यासारखं होतं, हे वाल्मीकचं लाडकं मत. पण ह्या खेपेला ती खुर्चीवर टेकली नाही. शालीबद्दलही तिनं विचारलं नाही.

"भाऊ, दसरा झाला की आमची गाडी जायलीय," ती म्हणाली. "तेच्या आत द्या. मोबाईलमधी टाकून द्या, फडात बघीन."

"देतो की, अक्का. पण एवढी घाई कामून? लगीन तर तुमी बघितलंच हाय."

"न्हाई ना बघितलं." बायनाबाई हसली, पण ते हसू काही खरं नव्हतं. "आमच्यात नवरीची माय लगीन लागताना बघत न्हाई. मी घरामागं तुळशीला पाणी घालीत बसले व्हते. भोंग्यातून मंगलाष्टकं आयकली तेवढंच. आक्षदा पडताना लेकरू कसं दिसलं, मला काय ठाव? सगळ्या गावानं बघितलं, मी न्हाई बघितलं."

वाल्मीकला हा रिवाज माहीत होता. अशा कितीतरी लग्नांत तो कॅमेरा घेऊन उभा राहिला होता. पण मागं तुळशीपाशी बसलेली बाई नंतर हे बघायला आसुसलेली असते, हे त्याच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"आन् यंदा तिची पहिली दिवाळी," बायनाबाई पुढं म्हणाली. "लेकी माहेराला येतेत, माय न्हाऊ घालती. माझी लेक येईल तर घराला कुलूप. मी फडात. निदान तिला बघून तरी दिवाळी करीन म्हणलं."

वाल्मीकनं छातीवर हात ठेवला. "अक्का, गाडी हालायच्या आत व्हिडिओ तुमच्या हातात. माझी जिम्मेदारी."

शब्द तर दिला. आणि तिथून वाल्मीकच्या फजितीला खरी सुरुवात झाली.

आधी त्यानं उन्हाला शिव्या घातल्या. आश्विनातलं ऊन परभणी जिल्ह्यात माणसाचं डोकं फिरवतं, तिथं यंत्राची काय कथा! घरचा कूलर उचलून त्यानं माडीवर आणला आणि कॉम्प्युटरकडं तोंड करून लावला. घरात कोकिळा आणि प्रियदर्शनी घामाघूम, इकडं कॉम्प्युटर वाऱ्यात. शाल कूलरच्या वाऱ्यानं उडायला लागली तेव्हा त्यानं तिची चारी टोकं डब्याखाली नीट खोचली. आणि शिट्टी आधीपेक्षा लवकर वाजली.

मग त्यानं डबा उघडायचं ठरवलं. शाल दोन्ही हातांनी उचलली, घडी घातली आणि मानानं खुर्चीवर ठेवली. पत्रा काढला. आत धुळीचे पुंजके होते, ते ब्रशनं झाडले. पंखा फिरवून बघितला. उघड्या डब्यानंच एक मोठं काम लावून बघितलं, तर कॉम्प्युटरनं हूं की चूं केलं नाही. वाल्मीकला स्वतःचं इतकं कौतुक वाटलं की त्यानं खालून दोन चहा मागवले आणि दोन्ही स्वतःच प्याले. मग पत्रा बसवला, शाल झटकून पुन्हा पांघरली आणि शिवकन्येचं लग्न लावलं. निम्म्यावर टीं-टीं-टीं.

"पंखाच म्हातारा झालाय," असा निकाल देऊन त्यानं नवा पंखा बसवला. जुन्यापेक्षा मोठा. तो एवढा जोरात फिरायचा की शालीच्या झालरी थरथरायच्या. त्या थरथरीकडं बघून वाल्मीकला समाधान वाटायचं, की चला, पंखा काम करतोय. शिट्टी वाजायचीच.

परभणीला स्टेशनरोडवर दत्तराव कॉम्प्युटर दुरुस्त करतात. सबंध जिल्ह्यातल्या बिघडलेल्या यंत्रांना त्यांचाच आधार. वाल्मीकनं डबा चादरीत बांधला, एसटीत मांडीवर घेतला आणि परभणी गाठली. शाल मात्र नेली नाही. गर्दीत कुणाचा पान खाल्लेला हात लागला म्हणजे? दत्तरावांनी चिप थंड ठेवणारी आतली पेस्ट बदलली आणि मशीनला जड काम लावून दिलं. दुपारपासून दुकान बंद होईपर्यंत मशीन चालू. एक शिट्टी नाही. वाल्मीक शेजारी बसून वाट बघत होता, आता वाजेल, मग वाजेल. वाजावी अशी देवाची प्रार्थनासुद्धा करून झाली. आजारी लेकराला डॉक्टरकडं न्यावं आणि त्यानं तिथं टणाटण उड्या माराव्यात, तसली गत झाली.

"वाल्मीकराव, ह्याला काय बी झालेलं न्हाई," दत्तराव म्हणाले. "काम लय जड लावतेव का?"

"जड म्हणजे... इफेक्ट हायेत जरा."

"मग थोडे कमी करा की."

वाल्मीकला हे लागलं. सम्राटाला दागिने उतरवायला सांगितल्यासारखंच ते. शिवाय त्याच्या मनात एक गोष्ट होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. बन्सीधर-बायनाबाई ऊसतोडीला जाणारी माणसं. गरिबाची लेक म्हणून वाल्मीकनं इफेक्टला हात आखडला, असं कुणी म्हणता कामा नये. म्हणून त्यानं शिवकन्येच्या लग्नात बागायतदाराच्या लेकीलाही टाकले नव्हते एवढे इफेक्ट टाकले होते. गुलाब, बर्फ, कारंजी, राजहंस. आणि अक्षता पडतात त्या घडीला तर त्यानं कमाल केली होती.

डबा पालमला परत आला, शाल त्याच्या अंगावर परत आली आणि शिट्टीही परत आली. "हितली लाइटच खराब हाय," म्हणून त्यानं वायरमनला बोलावलं. वायरमननं टेस्टर लावला, चहा प्याला आणि लाइट चांगली आहे म्हणाला. मग कुणीतरी दिशा सांगितली, म्हणून टेबल ह्या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलं. दसऱ्याला त्यानं कॉम्प्युटरची पूजा केली. हळद-कुंकू, झेंडूचा हार, आपट्याचं पान. पूजेला शोभावी म्हणून शालीची घडी मोडून ती पुढं-मागं सारखी येईल अशी पांघरली आणि हात जोडले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण वाल्मीक दुसऱ्यांना नेहमी ऐकवायचा. तेव्हा मात्र ती आठवली नाही.

गाडी निघायचा दिवस उजाडला.

ऊसतोड टोळीचा ट्रक बसस्टँडपाशीच लागला होता. भांडी, गोधड्या, पत्र्याच्या पेट्या, दोन शेळ्या, सगळं वर चढत होतं. बन्सीधर दोर आवळत होता. एका गावची माणसं यायची बाकी होती, ती आली की ट्रक हलणार. बायनाबाई माडीचा जिना चढून आली आणि ह्या वेळी खुर्चीवर बसली. हातात तिचा मोबाईल होता, रुमालात गुंडाळलेला.

"झालं का, भाऊ?"

वाल्मीकनं तिच्याकडं बघायचं टाळलं. पहाटेपासून दोनदा लावून झालं होतं आणि दोनदा पडदा काळा झाला होता. जिम्मेदारी म्हणताना छातीवर ठेवलेला हात आता कुठं ठेवावा, हे त्याला कळत नव्हतं. त्यानं दत्तरावांना फोन लावला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "मालक, कायतरी करा हो. माझी इज्जत चालली."

"असं करा," दत्तराव म्हणाले, "मशीनचा एक फोटो पाठवा. जसं चालू हाय, जिथं हाय, तसाच."

फोटो पाठवायचा म्हटल्यावर वाल्मीकमधला फोटोग्राफर जागा झाला. इज्जत चालली असली तरी फोटो चांगला जायला पाहिजे. त्यानं उजेडासाठी खिडकी उघडली. शालीचा जरीकाठ पुढून सरळ दिसेल असा ओढला. कपाटावरचं सन्मानचिन्ह खाली काढून डब्याशेजारी ठेवलं, म्हणजे सहज आल्यासारखं दिसेल. मग दोन-तीन फोटो काढले, त्यातला बरा निवडला आणि पाठवला.

दत्तरावांचा फोन आला तेव्हा आधी बोलणं नव्हतंच. नुसतं हसणं. मागं दुकानातली माणसंही हसत होती.

"वाल्मीकराव," दत्तराव कसेबसे म्हणाले, "त्याला थंडी वाजायलीय का?"

"म्हणजे?"

"आवो, पंख्यानं आतली गरम हवा बाहीर फेकायची ती वरच्या जाळीतून आन् मागून. तुमी दोन्हीकडून शाल गुंडाळली. ते बिचारं आपलीच वाफ पुन्हा आत घेऊन तापायलंय, आन् वरडून सांगायलंय, मपलं पांघरूण काढा म्हणून. काढा आधी ते! आन् सत्कार झाला तेबद्दल अभिनंदन बरं का!"

वाल्मीकनं शाल उचलली. जाळीतून गरम हवेचा झोत त्याच्या हाताला लागला, भाकरी उलटताना तव्यावरून येतो तसा. कूलर, नवा पंखा, एसटीचा प्रवास, वायरमनचा चहा, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. डबा उघडताना शाल निघत होती. परभणीला शाल गेलीच नव्हती. प्रत्येक वेळी त्यानं यंत्र बरं करून पुन्हा स्वतःच्या हातानं आजारी पाडलं होतं, आणि वर हळद-कुंकू वाहिलं होतं. पालमला एकच कॉम्प्युटरतज्ज्ञ, आणि तो हा असा.

"घावलं का, भाऊ?" बायनाबाईनं विचारलं. "काय बिघडलं व्हतं?"

"मी," वाल्मीक म्हणाला.

तिला काही समजलं नाही. तिला समजून घ्यायला वेळही नव्हता. खाली ट्रकचा भोंगा वाजला. राहिलेली माणसं आली होती. वाल्मीकनं फाईल तयार करायला लावली. पंखा शांत होता, शिट्टी नव्हती. पण इफेक्टच इतके होते की पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पायानं सरकत होती. दुपारशिवाय काही ती टोकाला पोचत नव्हती. ट्रक थांबणार होता घटकाभर, फार तर.

"व्हईल का, भाऊ?"

"अक्का..." वाल्मीकनं पट्टीकडं बघितलं. खोटं बोलायची त्याला सवय होती, गिऱ्हाइकांशी रोज बोलायचा. पण आषाढ, गौरी-गणपती, पितरपाट, हे सगळे वायदे संपले होते आणि समोर ट्रक उभा होता. "न्हाई व्हणार. दुपार व्हईल."

बायनाबाई उठली नाही. रडलीही नाही. रुमालातला मोबाईल तिनं मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "मग हितंच दावा थोडंसं. आक्षदा तेवढ्या दावा. बघून जाते."

वाल्मीकनं चालू काम थांबवलं आणि अक्षतांचा भाग लावला. मनात तेवढ्यातही एक आशा होती, की हे बघून तरी अक्का म्हणेल, भाऊ, कमाल केली. सनई सुरू झाली. अंतरपाट दिसला, आणि तो दूर व्हायच्या आत पडद्याच्या चारी कोपऱ्यांतून गुलाब धावून आले. गुलाबांचा बदाम झाला. बदामातून दोन राजहंस निघाले. त्यांच्या माना जुळल्या आणि वर सोनेरी अक्षरांत झळकलं, 'प्रियदर्शनी डिजिटल, पालम'. मग सगळं विरघळलं आणि जेवणाची पंगत सुरू झाली.

बायनाबाई वाट बघत राहिली. मग तिनं हळूच विचारलं, "ह्याच्यात शिवकन्या कुठं हाय?"

"बदामाच्या मागं हाय, अक्का."

"बाजूला व्हत न्हाई का त्यो?"

सत्कार झाला तेव्हा परभणीच्या सभागृहात टाळ्या वाजल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या एकालाही हा प्रश्न पडला नव्हता. त्यानं मिक्सिंग बंद केलं आणि कॅमेऱ्यातून जसं आलं होतं तसं मूळ शूटिंग शोधलं. कापून टाकलेले तुकडे तो एका वेगळ्या जागी ठेवायचा. त्या जागेचं नाव त्यानंच दिलं होतं, 'कचरा'. अक्षतांचा तो तुकडा तिथं होता.

गाणं नव्हतं, गुलाब नव्हते. मांडवातला गलबला, भटजींचा बसका आवाज, मध्येच वाल्मीकचं स्वतःचं ओरडणं. अंतरपाट दूर झाला. तांदूळ उडाले, शिवकन्येच्या मुंडावळ्यांवर, खांद्यावर, हातातल्या हारावर पडले. नवरदेव खाली बघून लाजत होता. शिवकन्या त्याच्याकडं बघत नव्हती आणि कॅमेऱ्याकडंही बघत नव्हती. मान वळवून, माणसांच्या डोक्यांवरून, ती लांब कुठंतरी बघत होती. "नवरीबाई, इकडं बघा! कॅमेऱ्याकडं!" असं वाल्मीक दोनदा ओरडलेला ऐकू येत होतं. तिनं काही मान वळवली नाही. म्हणूनच हा तुकडा कचऱ्यात गेला होता आणि त्या जागी राजहंस आले होते.

"बघा ना," वाल्मीक पुटपुटला, "तिकडंच बघत राहिली. तिकडं काय व्हतं कुणास ठाऊक."

बायनाबाईनं पडद्याला बोट लावलं, शिवकन्येच्या गालाला.

"तिकडं आमचं मागचं दार हाय," ती म्हणाली. "दाराच्या पल्याड तुळस. मी तिथंच व्हते की."

मग ती रडली. मोठ्यानं नाही. पदर तोंडात धरून, खांदे हलत होते तेवढंच. वाल्मीक उभाच राहिला. त्याला वाटलं की आपण सगळ्या जन्मात दाखवण्यासारखी एकच गोष्ट टिपली होती आणि तिच्यावर आपल्याच दुकानाचं नाव चिकटवलं.

बायनाबाईनं पुन्हा बघितलं. पुन्हा एकदा. मग डोळे पुसून मोबाईल पुढं केला. "हेच द्या. बाकीचं फुलाबिलाचं ऱ्हाऊ द्या."

ते द्यायला काही करायचंच नव्हतं. ना मिक्सिंग, ना फाईल तयार करणं. अक्षता, पाठवणी, हळद, जसं होतं तसं त्यानं मोबाईलच्या कार्डात उतरवलं. ट्रकचा भोंगा दुसऱ्यांदा वाजला तेव्हा काम झालंही होतं. कॉम्प्युटरचा पंखा हळू फिरत होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासासारखा. हे काम तो आषाढातही करू शकला असता. आणि पुढं शाल पांघरूनसुद्धा.

बायनाबाईनं मोबाईल रुमालात गुंडाळून कनवटीला लावला. पैशाचं विचारायला लागली तर वाल्मीकनं हात जोडले. दारापर्यंत गेली आणि थांबली. खुर्चीच्या पाठीवर टाकलेली शाल तिनं बघितली. पहिल्यांदाच.

"भाऊ, ही आता मशीनला लागत न्हाई ना?" तिनं सरळ विचारलं. "फडातल्या पाचटाच्या कोपीत लय थंडी ऱ्हाती. बारीक पोरगं संग हाय माझ्या."

वाल्मीकचा हात आपोआप शालीवर गेला आणि तिथंच राहिला. इतकं सगळं झाल्यावरही त्याला ती द्यावीशी वाटत नव्हती, हे खरं सांगितलं पाहिजे. ह्या शालीला कोकिळेलाही हात लावू दिला नव्हता. मिक्सिंगसम्राटानं एका क्षणात चार सबबी शोधल्या. मग बायनाबाईच्या कनवटीला लावलेला रुमाल त्याला दिसला आणि त्यातली एकही सबब तोंडातून बाहेर आली नाही.

"न्या, अक्का," तो म्हणाला, आणि शाल तिच्या हातात न देता त्यानं ती उलगडून तिच्या खांद्यावर टाकली. परभणीला अध्यक्षांनी त्याच्या खांद्यावर टाकली होती, तशीच. टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं. बायनाबाई घाईनं जिना उतरली. वाल्मीक गॅलरीत आला. गोधड्यांच्या ढिगावर बसलेल्या बायनाबाईच्या खांद्यावरचा जरीकाठ वळणापर्यंत दिसत होता. मग ट्रक गंगाखेडच्या रस्त्याला लागला.

जेवणाचा डबा घेऊन कोकिळा आली. तिनं उघडा कॉम्प्युटर बघितला, मोकळी खुर्ची बघितली.

"शाल कुठं हाय?"

"ऊस तोडायला गेली."

तिचा विश्वास बसेना, म्हणून वाल्मीकनं सगळं सांगितलं. कूलरपासून राजहंसांपर्यंत, स्वतःची काहीही बाजू न सावरता. कोकिळा पदर तोंडाला लावून हसत होती. फोटोत सन्मानचिन्हही ठेवलं होतं म्हटल्यावर तर तिला ठसका लागला. मग त्यानं तिला अक्षतांचा तो तुकडा लावून दाखवला, आणि तिचं हसणं थांबलं.

ती बराच वेळ शिवकन्येकडं बघत राहिली. मग दाराकडं वळली. दारामागच्या फोटोकडं.

"मपली माय बी मागंच बसली व्हती," ती म्हणाली. "गोठ्यापाशी. मांडवातून तिचं लुगडं दिसत व्हतं मला, हिरवं."

वाल्मीकनंही फोटोकडं बघितलं. कोकिळेच्या आईला जाऊन बरीच वर्षं झाली होती. तो फोटो त्या भिंतीवर किती वर्षं होता आणि तो दाखवून त्यानं किती माणसांना हसवलं होतं, ह्याचा त्याला हिशेब लागेना. एवढ्या वर्षांत कोकिळेनं त्याला एकदाही सांगितलं नव्हतं. त्यानं एकदाही विचारलं नव्हतं, हे जास्त खरं.

"मला कामून न्हाई सांगितलं?"

"तुमी कॅमेऱ्याकडं बघत व्हतेव," कोकिळा म्हणाली, आणि डबा उघडून तिनं त्याच्यापुढं भाकरी ठेवली.

वाल्मीकनं जेवायच्या आधी तो फोटो खिळ्यावरून काढला. शर्टाच्या बाहीनं काच पुसली. खुर्चीसमोर, जिथं पूर्वी गिऱ्हाइकाची नजर शालीवर जायची, त्या भिंतीवर खिळा ठोकला आणि तिथं टांगला. कॉम्प्युटर आता उघडाच असतो. धूळ बसते, ती आठवड्याला झाडावी लागते. शिट्टी काही वाजत नाही.

गिऱ्हाईक आलं की अजून विचारतं, "भाऊ, ही नवरी तिकडं कुठं बघायलीय?"

"तिच्या मायीकडं," वाल्मीक सांगतो.